मोठ्या माणसांचे टॉन्सिल : कोणत्या पद्धतीने काढावे?



गेल्या महिन्यात एका भगिनीचे पत्र आले. वय तिशीच्या आत, एका शाळेत शिक्षिका, दोन लहान मुले. दर दोन-तीन महिन्यांनी घसा धरतो, ताप चढतो, थुंकी गिळणेही नकोसे होते. आठवडाभर वर्गात उभे राहता येत नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितले, "टॉन्सिल काढून टाकू, जुन्याच पद्धतीने काढतो." शहरातल्या दवाखान्यात सांगितले, "आमच्याकडे कोब्लेशनचे मशीन आहे. रक्त नाही, दुखणे नाही, तिसऱ्या दिवशी शाळेत जा." दोन्हींच्या खर्चात दुपटीहून जास्त फरक. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, "शौहर म्हणतात, तुझ्या जिवापेक्षा पैसा मोठा नाही, माहेरच्या दोन बांगड्या मोडू. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी साध्या कात्रीने काढत होते, कोणी मेले नाही. आम्ही कोणाचे ऐकावे?"

असा प्रश्न या एकाच घराचा नाही, म्हणून या वेळचे सदर त्यालाच दिले आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. आम्ही येथे माहिती देतो. निर्णय तुमचा आणि तुम्हाला तपासणाऱ्या कान-नाक-घसा तज्ज्ञांचा.

आधी हा प्रश्न : काढायची गरज आहे का?

कोणत्या हत्याराने काढायचे हा प्रश्न दुसरा. काढायचेच का, हा पहिला. आपल्याकडे पुष्कळदा दुसऱ्या प्रश्नावर घरभर चर्चा होते आणि पहिला तसाच राहून जातो.

घशाच्या दोन्ही बाजूंना, पडजिभेच्या आजूबाजूला दिसणाऱ्या गाठी म्हणजे टॉन्सिल. तोंडावाटे येणाऱ्या जंतूंची शरीराला ओळख करून देणे हे त्यांचे काम, आणि ते मुख्यतः लहानपणीचे. मोठ्या माणसाचे टॉन्सिल काढले म्हणून त्याची प्रतिकारशक्ती संपते असे नाही. पण घसा दुखला की काढा, असेही नाही.

वारंवार घसा येणाऱ्यांसाठी डॉक्टर जगभर साधारण एक हिशेब धरतात. वर्षभरात 7 वेळा, किंवा लागोपाठ दोन वर्षे दरवर्षी 5 वेळा, किंवा लागोपाठ तीन वर्षे दरवर्षी 3 वेळा टॉन्सिलचा जोरदार त्रास झाला असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. साधी सर्दी, खोकला, धुळीने खवखवणे यात मोजायचे नाही. ताप, गिळताना वेदना, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, मानेत गाठ, आणि कामावर जाता येणार नाही इतका त्रास, असे दुखणे मोजायचे.

याखेरीज आणखी कारणे आहेत. टॉन्सिलच्या मागे वारंवार पू होणे हे एक. टॉन्सिल एवढे मोठे असणे की झोपेत श्वास अडतो, हे दुसरे. तिसरे सर्वांत गंभीर. एकाच बाजूचा टॉन्सिल वाढत असेल, त्यावर न भरणारी जखम असेल, आणि विशेषतः माणूस तंबाखू, गुटखा किंवा सिगारेट घेणारा असेल, तर कर्करोग नाही ना हे पाहण्यासाठी गाठ तपासावीच लागते. तेथे महिने मोजत बसू नये. तपासणीसाठी काढायची गाठ अखंड हाती आली पाहिजे, हाही पद्धत ठरवण्यातला एक मुद्दा असतो.

वारंवार येणाऱ्या घशासाठी मोठ्या माणसांवर ब्रिटनमध्ये एक मोठा अभ्यास झाला. तो 2023 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. 27 रुग्णालयांतले 453 रुग्ण होते. चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे दोन गट पाडले. एकाची शस्त्रक्रिया लवकर केली, दुसऱ्याला औषधे देऊन वाट पाहिली. दोन वर्षांत घसा दुखण्याचे दिवस मोजले. शस्त्रक्रिया झालेल्यांत मधला आकडा 23 दिवस आला, वाट पाहणाऱ्यांत 30. म्हणजे फायदा खरा आहे, पण चमत्कार नाही. ज्याचा त्रास मोठा आणि नियमित, त्याला हा फायदा मोलाचा. ज्याला वर्षातून दोनदा घसा येतो, त्याने घाई करू नये.

थंड हत्यार आणि गरम हत्यार

आता पद्धतींकडे येऊ. नावे बरीच आहेत, पण समजून घ्यायला दोनच भाग पुरेत, थंड आणि गरम.

थंड पद्धत म्हणजे साधी पोलादी हत्यारे. रुग्णाला पूर्ण भूल दिलेली असते. तोंडातूनच टॉन्सिल चिमट्याने धरतात, त्याच्या वेष्टणाच्या कडेने हळूहळू सोडवत नेतात आणि शेवटी तारेच्या फासाने किंवा कात्रीने तोडतात. रक्त कापसाचा बोळा दाबून आणि लागेल तेथे धाग्याने रक्तवाहिनी बांधून थांबवतात. शस्त्रक्रिया चालू असताना रक्त थोडे जास्त जाते, वेळही जास्त लागतो. पण आजूबाजूचे मांस भाजत नाही.

ही परंपरा फार जुनी आहे. दहाव्या शतकात कुर्तुबा म्हणजे आजच्या स्पेनमधील कोर्दोबा येथे होऊन गेलेले अबुल कासिम अल-जहरावी यांनी 'अत-तसरीफ' या ग्रंथाच्या शस्त्रक्रियेवरील भागात टॉन्सिल काढण्याची रीत लिहून ठेवली आहे. रुग्णाला उन्हाकडे तोंड करून बसवावे, मदतनिसाने त्याचे डोके धरावे, जीभ पातळ धातूच्या पट्टीने दाबावी, टॉन्सिल आकड्याने ओढून कापावा. आणि रक्त वाहू लागले तर काय करावे, हेही त्यांनी लिहिले. हजार वर्षांपूर्वीच्या त्या हकीमांनाही ठाऊक होते की कापणे हे निम्मे काम, रक्त सांभाळणे हे उरलेले निम्मे.

गरम पद्धतींत सर्वांत जास्त चालणारी म्हणजे विजेची. डॉक्टर तिला डायथर्मी किंवा कॉटरी म्हणतात. विजेच्या उष्णतेने मांस कापले जाते आणि त्याच वेळी रक्तवाहिन्या भाजून बंद होतात. शस्त्रक्रियेत रक्त फारच कमी, काम लवकर. पण टोकाशी उष्णता शेकडो अंशांत असते. त्यामुळे टॉन्सिलच्या खालचा स्नायूही थोडाफार भाजतो, आणि पुढचे काही दिवस ते भाजणे दुखत राहते.

कोब्लेशन हे याच कुटुंबातले नवे भावंड. यात मिठाच्या पाण्यातून रेडिओ लहरी सोडतात आणि मांस विरघळल्यासारखे सुटत जाते. उष्णता साधारण 40 ते 70 अंश, म्हणजे डायथर्मीपेक्षा पुष्कळ कमी. म्हणून दुखणे कमी होईल ही अपेक्षा. याची नळी एकदा वापरून टाकून देण्यासाठी बनवलेली असते आणि महाग असते. बिलातला मोठा फरक बहुधा येथून येतो.

अल्ट्रासाऊंडच्या सुरीचे पाते सेकंदाला पन्नास हजारांहून जास्त वेळा थरथरते आणि कापता कापता रक्त गोठवते. लेसरही काही ठिकाणी वापरतात. आणखी एका पद्धतीत टॉन्सिल वेष्टणासकट न काढता आतून कोरून काढतात आणि पातळ थर मागे ठेवतात. त्यात दुखणे कमी असते, पण ती मुख्यतः घोरणाऱ्या लहान मुलांसाठी रूढ झाली आहे. मागे उरलेल्या थरामुळे त्रास पुन्हा उद्भवण्याची थोडी शक्यता असते, म्हणून वारंवार घसा येणाऱ्या मोठ्या माणसाने ती निवडण्यापूर्वी डॉक्टरांशी नीट बोलावे.

तुलना काय सांगते?

या पद्धती पारखण्यासाठी डॉक्टरांनी एक छान युक्ती केली. काही अभ्यासांत एकाच रुग्णाचा एका बाजूचा टॉन्सिल एका पद्धतीने आणि दुसऱ्या बाजूचा दुसऱ्या पद्धतीने काढला. कोणती बाजू कशाने काढली हे रुग्णाला सांगितले नाही. मग रोज विचारले, कोणती बाजू जास्त दुखते? माणूस तोच, सहनशक्ती तीच. त्यामुळे फरक उरला तर तो हत्याराचा.

कोब्लेशनवरचे असे आणि इतर अभ्यास एकत्र करून 'कॉक्रेन' या संस्थेने 2017 मध्ये आढावा घेतला. 29 अभ्यास, अडीच हजारांवर रुग्ण. निष्कर्ष असा की पहिल्या दिवशी कोब्लेशनने दुखणे किंचित कमी असू शकते. तिसऱ्या दिवशी हा फरक आणखी कमी होतो आणि सातव्या दिवशी जवळजवळ उरत नाही. नंतरचा रक्तस्राव कोब्लेशनमध्ये कमी होतो असे दिसले नाही, उलट थोडा जास्त असण्याची शक्यता दिसली. आणि हे अभ्यास पुरेसे भक्कम नाहीत, असेही आढाव्यात स्पष्ट लिहिले.

रक्तस्रावाबद्दल ब्रिटनचा आणखी एक धडा सांगण्यासारखा आहे. 2001 च्या सुरुवातीला तेथे एका भीतीने टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेत एकदाच वापरायची हत्यारे सक्तीची केली. 'मॅड काऊ' रोगाशी नाते असलेला मेंदूचा विकार हत्यारांवाटे पसरेल, अशी ती भीती होती. हेतू चांगला होता. पण नव्या हत्यारांनी रक्तस्रावाच्या तक्रारी वाढल्या, आणि त्याच वर्षाअखेर इंग्लंडमध्ये जुनी हत्यारे परत आणावी लागली. त्यानंतर जुलै 2003 ते सप्टेंबर 2004 या काळात इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमधल्या जवळजवळ 34 हजार टॉन्सिल शस्त्रक्रियांची नोंद ठेवली गेली. ज्यामुळे मुक्काम वाढला, रक्त द्यावे लागले, पुन्हा भरती किंवा पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, असाच रक्तस्राव त्यात मोजला. तो शंभरात सुमारे साडेतीन जणांना झाला. लहान मुलांपेक्षा मोठ्यांत जास्त. आणि पूर्ण थंड पद्धतीच्या मानाने गरम पद्धतींत धोका सुमारे तिप्पट.

असे का व्हावे? भाजलेल्या जागेवर जाड खपली धरते. सात-आठ दिवसांनी ती सुटते तेव्हा खालची रक्तवाहिनी उघडी पडू शकते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर वाचलेले रक्त कधी कधी असे नंतर, घरी, रात्री-अपरात्री वाहते.

याचा अर्थ गरम पद्धत वाईट असा नाही. सरावलेल्या हातात तीही चांगली चालते, आणि शंभरातल्या बहुतेकांना कोणत्याच पद्धतीने रक्तस्राव होत नाही. अर्थ एवढाच की "नवे मशीन म्हणजे धोका नाही" हे म्हणणे खरे नाही. त्या पाहणीनंतर शिकाऊ डॉक्टरांना शिफारस केली गेली की आधी थंड हत्यारांनी टॉन्सिल काढणे आणि रक्तवाहिनी बांधणे शिका, मग मशीनकडे वळा.

आमच्या घरातली गोष्ट

हे सारे आम्ही नुसते वाचून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या धाकट्या भावाचे टॉन्सिल काढले. वय बत्तीस. दवाखाना शहरातला, पद्धत महागाची, डॉक्टर हाताने चांगले. शस्त्रक्रिया नीट झाली. घरी सोडताना गोळ्या दिल्या, बिल दिले आणि सांगितले, "काही होत नाही, आइस्क्रीम खा." रक्तस्रावाबद्दल ना कोणी बोलले, ना कागद दिला.

चौथ्या दिवशी त्याला बरे वाटले, पाचव्या दिवशी दुखणे पुन्हा वाढले, कानात ठणका लागला. अम्मी म्हणाल्या, कानात काही झाले. गरम तेल घालणारच होत्या. कसेबसे थांबवले. सातव्या रात्री तो गावी होता. दीडच्या सुमारास तोंडात खारट चव आली म्हणून उठला, तर उशीवर रक्त. जवळचे मोठे रुग्णालय चाळीस किलोमीटरवर. शेजारच्या चाचांनी गाडी काढली म्हणून पोहोचलो. तेथे रक्तवाहिनी बांधली, दोन दिवस ठेवले. अल्हम्दुलिल्लाह, तो आज ठणठणीत आहे. पण त्या चाळीस किलोमीटरमध्ये आम्हाला कळले की आम्ही मशीनचे नाव विचारले होते, आणि विचारायचे ते विचारलेच नव्हते.

मग विचारायचे काय?

डॉक्टरांसमोर बसल्यावर हे प्रश्न विचारा. चांगला डॉक्टर रागावत नाही.

एक, माझ्या बाबतीत काढण्याचे नेमके कारण काय? न काढता वर्षभर पाहिले तर?

दोन, मोठ्या माणसांच्या अशा शस्त्रक्रिया तुम्ही कोणत्या पद्धतीने जास्त करता? तुमचा हात जिच्यावर बसला आहे, तीच माझ्यासाठी करा.

तीन, कोब्लेशन असेल तर नळी नवी कोरी वापरणार का? बिलात तिचा वेगळा आकडा लिहून द्या.

चार, रात्री रक्त आले तर कोणाला फोन करायचा, कोठे यायचे? तेथे रात्री भूल देणारे डॉक्टर असतात का?

पाच, माझ्या बीपीच्या, रक्त पातळ करणाऱ्या किंवा ऍस्पिरिनच्या गोळ्यांचे काय करायचे? घरगुती काढे, हकिमी दवा चालू असेल तर तेही लपवू नका.

खर्चाची अडचण असेल तर सरकारी रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय हा कमीपणाचा मार्ग नाही. थंड पद्धतीचा सर्वांत मोठा सराव बहुधा तेथेच असतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काही बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे.

शस्त्रक्रियेनंतरचे चौदा दिवस

मोठ्या माणसाला कोणत्याही पद्धतीने दहा ते चौदा दिवस दुखते. तिसऱ्या दिवशी कामावर, हे विसरा. चौथ्या ते सातव्या दिवसाच्या आसपास दुखणे पुन्हा वाढू शकते, त्यात घाबरू नये. कान दुखतो तो घशाच्या आणि कानाच्या सामाईक मज्जातंतूमुळे, कान बिघडल्यामुळे नाही. घशात पांढरे-पिवळे थर दिसतात. तो पू नसतो, जखम भरतानाची खपली असते. ती बोटाने किंवा ब्रशने काढू नये.

गोळी दुखल्यावर नाही, ठरलेल्या वेळी घ्या. जेवणाच्या अर्धा तास आधी घेतली तर दोन घास नीट उतरतात. पाणी सारखे प्यावे. कोरडा घसा जास्त दुखतो. पेज, मऊ खिचडी, कोमट यखनी, थंड फिरनी चालते, आणि जमेल तसे नेहमीचे चावून खाणे लवकर सुरू करावे. तिखट, आंबट आणि कडक गरम टाळा. सिगारेट, तंबाखू, गुटखा पूर्ण बंद. दोन आठवडे लांबचा प्रवास आणि जड काम नको.

रमजानच्या तोंडावर ही शस्त्रक्रिया ठरवू नका. या दिवसांत पाण्यावाचून राहणे जखमेला मानवत नाही. आणि आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत दिलेली आहेच. शस्त्रक्रिया तातडीची नसेल, तर ईदनंतरची तारीख घ्यावी.

रक्ताची एखादी रेघ थुंकीत दिसली तरी डॉक्टरांना फोन करा. ताजे लाल रक्त येत राहिले तर बसून राहा, पुढे वाका, रक्त गिळू नका, थुंका. आणि घरगुती उपाय न करता लगेच रुग्णालय गाठा. पाचव्या ते दहाव्या दिवसापर्यंत रात्री घरात एक जाणता माणूस आणि दाराशी वाहनाची सोय असावी.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीस

तुम्ही विचारले आहे, आवाज जाईल का? स्वरयंत्र टॉन्सिलच्या बरेच खाली असते, त्याला कोणी हात लावत नाही. टॉन्सिल फार मोठे असतील तर आवाजाच्या घुमण्यात थोडा फरक पडू शकतो. पण शिकवणे थांबणार नाही. मात्र दोन आठवड्यांची रजा पूर्ण घ्या.

आता बांगड्यांचे. "दर दोन-तीन महिन्यांनी" असे न लिहिता, गेल्या दोन वर्षांत डॉक्टरांकडे किती वेळा गेलात त्या तारखा जुन्या चिठ्ठ्यांवरून काढा. दरवर्षी पाच भरल्या तर शस्त्रक्रिया करून घेण्यात अर्थ आहे. नाही भरल्या, तर सहा महिने नोंद ठेवा. करायचे ठरले, तर पहिल्या एक-दोन दिवसांच्या किंचित कमी दुखण्यासाठी बांगड्या मोडण्याची गरज आम्हाला दिसत नाही. तालुक्याच्या डॉक्टरांचा हात सरावाचा असेल आणि रात्री धावून जाण्यासारखे रुग्णालय जवळ असेल, तर जुनी पद्धत ही दुय्यम पद्धत नाही. सासूबाईंचे म्हणणे निम्मे बरोबर आहे, आणि शौहरांचेही. जिवापेक्षा पैसा मोठा नाही, पण जिवाची काळजी जास्त पैसे भरल्यानेच घेतली जाते असे नाही. वाचलेल्या पैशांतून ते चौदा दिवस घरात कामाला एखादी बाई ठेवा, आणि दोन्ही मुलांना आठवडाभर नानीकडे पाठवा.

अल्लाह तुम्हाला शिफा देवो. काय ठरले, ते जरूर कळवा.